एका कानापुरता आवाज

दवाखान्यातल्या ज्येष्ठांच्या विभागात पूर्वी एक शिपाई होता. त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि तोही ते नाव पदवीसारखं मिरवायचा. तो दारात उभा राहून हाक मारी तेव्हा हॉलमधल्या बाकांवरचे म्हातारे तर सोडाच, खालच्या मजल्यावर दात काढायला आलेली माणसंही दचकत.

"लघवीवर ताबा नाही, ते आजोबा कोण? आत या."

आजोबा उठत. आधी इकडेतिकडे बघत, मग छत्री घेत, आणि कधीकधी आत जाण्याऐवजी सरळ जिन्याकडे वळत. भोंग्याच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हाताऱ्यांना नंबर लक्षात राहत नाही, नाव ऐकू येत नाही, पण स्वतःचं दुखणं बरोबर ओळखू येतं, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. फक्त ते दुखणं सगळ्या हॉललाही ओळखू यायचं.

विंगमावशी तिथे पहिल्यांदा आली ती पेशंट म्हणून, गुडघा दाखवायला. तिचं खरं नाव केसपेपरवर असेल तेवढंच. उभं आयुष्य तिने एका नाटक कंपनीच्या विंगेत काढलं होतं, हातात संहिता, नजर नटाच्या ओठांवर. नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानात सोडायचा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला त्याचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही, हे तिचं काम. प्रॉम्प्टर म्हणतात त्याला. कंपनी बंद पडली, नट पांगले, पडदे विकले गेले. नाव तेवढं तिला चिकटून राहिलं.

त्या दिवशी तिच्या शेजारी एक कमी ऐकू येणारे आजोबा बसले होते आणि सिस्टर त्यांची माहिती घेत होती.

"आजोबा, पोट साफ होतं का?"

"काय?"

"पोट, पोट. साफ होतं का रोज?"

समोरच्या बाकावरून एक आजी म्हणाली, "माझं होतं बाई."

हॉल हसला. आजोबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि ते काठी चाचपायला लागले. विंगमावशी गुडघा सांभाळत उठली, त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. सिस्टरकडे ते मान कशी वळवतात त्यावरून तो कान बरा आहे हे तिने हेरलं होतं. तिने काहीतरी विचारलं. काय ते कोणालाच ऐकू आलं नाही. आजोबांना आलं. त्यांनी तितक्याच हळू उत्तर दिलं. मग आणखी एक प्रश्न, आणखी एक उत्तर, आणि मग आजोबा चक्क गालातल्या गालात हसले.

डॉक्टरीणबाई दारातून बघत होत्या.

"काय विचारलंत त्यांना?"

"ते त्यांचं नि माझं," विंगमावशी म्हणाली. "सिस्टरच्या कामाचं जे होतं ते त्यांना विचारून तिला सांगते."

डॉक्टरीणबाईंनी तिचा गुडघा तपासला, गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "बसून करायचं काम असेल तर कराल?"

"बसून मला झोप येते. उभं राहायचं असेल तर सांगा."

"गुडघ्याचं काय?"

"गुडघा माझा आहे. त्याला मी समजावते."

अशी विंगमावशी दवाखान्यात लागली. भोंगा गेटवर गाड्या लावायला गेला आणि तिथे त्याच्या गळ्याचं चीज झालं.

तिने पहिल्याच आठवड्यात बाकांची तोंडं फिरवली. आधी ती समोरासमोर होती, आगगाडीच्या डब्यासारखी. वजनकाटा कोपऱ्यात नेला. सिस्टर आधी वजनाचा आकडा मोठ्याने वाचायची. आता ती बघून लिहायला लागली. आणि हाक कोणाला मारायचीच नाही. ज्याची पाळी, त्याच्यापर्यंत आपण चालत जायचं.

सिस्टर हुशार मुलगी होती, पण सुरुवातीला वैतागली. "मावशी, मी हळूच तर बोलते."

"तू कुजबुजतेस. कुजबुजीइतकं चोंबडं काही नाही. तुझे 'स' आणि 'श' साप सोडल्यासारखे हॉलभर पळतात. आवाज छातीतून काढ. खाली ठेव. शब्द सुटे सुटे दे, वाटाणे सोलून तळहातावर ठेवल्यासारखे."

"आणि तरी ऐकू आलं नाही तर?"

"तर आणखी जवळ जा. चार पावलं चालायचा कंटाळा, म्हणून माणसं ओरडतात."

माणसं परत यायला लागली. जिन्याकडे वळलेले छत्रीवाले आजोबासुद्धा आले. आपल्याला काय होतंय ते त्यांनी विंगमावशीला सांगितलं, विंगमावशीने त्यांना आत नेलं, आणि बाहेर कोणाला काहीही कळलं नाही. ते बाहेर आले तेव्हा त्यांनी छत्री बंदुकीसारखी खांद्यावर टाकली होती.

घरी मात्र तिच्यावर दुहेरी मारा. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि त्यांना दुसऱ्यांचे तीळही हवे असत. जिन्यात त्या वाट अडवून उभ्या राहत.

"आमच्या विहीणबाई दिसल्या म्हणे तुमच्या दवाखान्यात. काय झालंय हो त्यांना?"

"दिसल्या ना? मग चालत्याफिरत्या आहेत. चांगलंच आहे की."

आणि वर लेक. ती शाळेत शिकवते, दिवसभर पोरांची गुपितं पोटात घालते, पण आईची गुपितं तिला सहन होत नाहीत. "आई, मला तरी सांगत जा. मी कोणाला सांगणारे?"

"तू कोणाला सांगणार नाहीस, मी कोणाला सांगणार नाही. मग मधल्या मधे तुला कशाला भार?"

लेक चिडायची. पण शाळेत कुणी विचारलं, तुझी आई काय करते, की म्हणायची, "गप्प बसते. आणि तिच्याइतकं चांगलं कोणालाच जमत नाही."

मग एक दिवस दवाखान्यात महाराज आले.

कंपनीत हयातभर राजाच्या भूमिका केल्या म्हणून ते महाराज. आता मुलगा-सुनेकडे राहत होते, कानांनी कमी ऐकत होते, आणि ज्येष्ठ मंडळाच्या नव्या नाटकात पुन्हा एकदा राजा झाले होते. मंडळाचं नाटक म्हणजे अर्धा हॉलच त्यात होता. प्रधान होते बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांचे स्वतःचे संवाद पाठ होतेच, वर राजाचेही पाठ होते, आणि ते तालमीत राजाच्या आधी ओठ हलवत. राजाचं काही बिनसलं तर मुकुट कोणाच्या डोक्यावर जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

डॉक्टरीणबाईंनी त्या महिन्यात सत्तरीपुढच्या सगळ्यांची स्मरणाची तपासणी सुरू केली होती. सुरुवातीला पाच शब्द सांगायच्या, मग इकडचं तिकडचं विचारायच्या, घड्याळाचं चित्र काढायला लावायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, मघाचे शब्द सांगा. महाराजांच्या शेजारी विंगमावशी बसली, प्रश्न त्यांच्या कानाशी पोचवायला. दिवा, कात्री, नदी, घोडा, खिडकी. तिने एकेक शब्द सुटा करून दिला. महाराजांनी एकेक शब्द असा उच्चारला, की दिव्याला वाटावं आपल्याला आजच कुणीतरी लावलं.

घड्याळ झालं. काटे जरा भांडल्यासारखे काढले होते, पण झालं.

"आता मघाचे शब्द," डॉक्टरीणबाई कागदाकडे बघत म्हणाल्या.

"दिवा," महाराज म्हणाले. "कात्री. घोडा."

आणि थांबले.

त्यांचं थांबणं मोठं प्रसिद्ध होतं. ते थांबले की थिएटर श्वास रोखायचं. पण विंगेतल्या माणसाला त्यातलं खरं थांबणं आणि अडणं वेगळं ओळखता येई, कारण अडले की त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर घासू लागे. प्रेक्षकांना वाटे, राजा अंगठीशी चाळा करतोय. आताही तो अंगठा मांडीवर हलला.

"नदी," विंगमावशी म्हणाली.

म्हणाली म्हणजे काय, निघून गेलं. ठेच लागली की हात पुढे होतो तसं.

"नदी," महाराज दुमदुमले. अंगठा पुन्हा हलला. पुन्हा एक शब्द गेला. "आणि खिडकी."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली, हसल्या. "उत्तम."

महाराज हॉलमध्ये आले आणि दरबारात उभं राहावं तसे उभे राहिले. "पैकीच्या पैकी," त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. प्रधानांनीही वाजवल्या, हात दुखत असल्यासारख्या.

विंगमावशी खुर्चीतून उठलीच नव्हती. इतक्या वर्षांत कुणाचा शब्द चुकला म्हणून तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. आज बरोबर आला म्हणून वाटलं. ती गप्प राहिली तर महाराज राजा राहणार. आणि आतून जे पोखरायला लागलं होतं, त्याला औषधाचा थेंब मिळणार नाही.

दार लावून घेत ती म्हणाली, "डॉक्टर, नदी आणि खिडकी माझी."

"म्हणजे?"

"त्यांना आठवली नव्हती. मी दिली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, मी त्यांची तपासणी करत होते. तुमची स्मरणशक्ती छान आहे हे मला माहीत होतं."

"हो."

"का दिलीत?"

"त्यांनी मागितली."

"ते एक अक्षर बोलले नाहीत."

"बोलून मागायची नसते," विंगमावशी म्हणाली. "मला काढायचं तर काढा. पण आधी त्यांना परत तपासा."

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद बाजूला सारला. रागावल्या होत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग म्हणाल्या, "काढायचं नंतर बघू. त्यांच्या घरी फोन करून बोलावून घेऊ?"

"फोन सून उचलेल. मग मुलगा विचारेल. मग सगळे विचारतील. मीच जाते."

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत तालीम होती. मधल्या सुट्टीत सगळे चहाच्या किटलीभोवती जमले होते, खांद्याला खांदा. महाराज खिडकीशी कप घेऊन उभे. प्रधान त्यांच्यापासून हातभर अंतरावर साखर ढवळत होते. विंगमावशी महाराजांच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभी राहिली, दोघंही खिडकीबाहेर बघत.

"उद्या सकाळी परत यायचंय."

"कशाला? पैकीच्या पैकी आहेत." महाराजही रंगभूमीवरचे होते. ओठ न हलवता बोलायचं त्यांनाही येत होतं.

"तीन तुमचे. दोन माझे."

महाराजांनी चहाचा घोट घेतला. "सांगितलंस तिला?"

"माझी चूक सांगितली."

"एकच झालं."

"एक नाही. चूक माझी होती, म्हणून मला सांगता आली. तुमचं जे आहे ते तुमचं. डॉक्टरपलीकडे ते कुठे गेलेलं नाही. मुलगा नाही, मंडळ नाही, माझी लेकसुद्धा नाही."

"काय हो, कसल्या गुजगोष्टी?" प्रधानांनी मान लांब केली.

"हिचा गुडघा," महाराज खणखणीत आवाजात म्हणाले. "मी म्हणतो, तेल लाव. ऐकत नाही."

"लावते हो," विंगमावशीनेही आवाज चढवला. "सगळ्यांनी ऐकलं, आता लावावंच लागेल."

प्रधानांचा रस गेला. ते बिस्किटांकडे वळले.

महाराजांनी कपातला चहा संपवला. मग खिडकीच्या काचेला सांगावं तसं म्हणाले, "मला कळतंय गं. परवा किल्ली हातात घेऊन दारात उभा होतो, आणि हिचं काय करायचं तेच सुचेना. पण संवाद येतात. जुनी सगळी नाटकं येतात, कुठलंही पान उघड."

"आणि नवं?"

महाराजांचा अंगठा तर्जनीवर घासू लागला. विंगमावशीने तो पाहिला. तिच्या जिभेच्या टोकावर काही नव्हतं.

"हा शब्द माझ्याकडे नाही, महाराज."

त्यांनी कप खिडकीत ठेवला. "नवं जातं," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "हे नाटक हातचं जाईल."

"जाईल की राहील, मला माहीत नाही. पण माझ्या उत्तरांवर तुम्हाला औषध कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या सुमारालाच महाराज आले, इस्त्रीचा सदरा, केस नीट मागे वळवलेले. विंगमावशी त्यांना आत नेऊ लागली तेव्हा ते दाराशी थांबले.

"तू बाहेर बस."

"बाहेरच बसणार होते."

"तू आत असलीस की हा अंगठा माझं ऐकत नाही."

दार लागलं. ती दाराला टेकूनच बसली होती, आणि तिचे कान अजून तिखट होते. तरीही आतलं एक अक्षर तिला ऐकू आलं नाही. डॉक्टरीणबाई त्यांच्या कानापुरतं बोलत होत्या. विंगमावशीची मान आपोआप ताठ झाली.

थोड्या वेळात हॉल भरला, आणि महाराजांचा मुलगा धापा टाकत जिना चढून आला. वडील न सांगता घरातून निघाले म्हणून घाबरला होता.

"मावशी, बाबा आत आहेत? परत कशाला? काल तर सगळं चांगलं निघालं म्हणाले."

"बाहेर आले की विचारा त्यांना."

"ते मला काही सांगत नाहीत. तुम्ही सांगा. तुम्ही आत बसता, तुम्हाला सगळं माहीत असतं."

"आज बाहेर बसलेय, बघताय ना."

"मी त्यांचा मुलगा आहे. त्यांचं सगळं मी करतो." तो वाईट मुलगा नव्हता. वडिलांसाठी जीव टाकणारा होता, म्हणून तर त्याच्याशी बोलणं अवघड.

विंगमावशीने त्याला शेजारी बसवलं आणि आवाज खाली घेतला. "मला माहीत असतं, आणि मी सांगितलं असतं, तर आयुष्यभर त्यांना वाटलं असतं, आपल्या मुलाला आपल्याबद्दल दवाखान्यातल्या बाईकडून कळलं. तुम्हाला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय की नाही?"

मुलाने रुमाल काढून कपाळावरचा घाम पुसला.

प्रधान आज रक्तदाब तपासायला आले होते. ते वर्तमानपत्रामागून सरकत सरकत जवळ आले. "काय, आपल्या राजेसाहेबांची पुन्हा तपासणी? काही विशेष?"

"मागे तुम्ही आत होतात ना," विंगमावशी म्हणाली, "तेव्हा बाहेर त्यांनीही मला हेच विचारलं होतं. तुमच्याबद्दल."

प्रधानांचं वर्तमानपत्र खाली आलं. "महाराजांनी? मग, मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगायला हवं होतं?"

प्रधानांनी तिच्याकडे पाहिलं, मग वर्तमानपत्राकडे, आणि उलटं धरलेलं पान सुलटं करून ते वाचायला लागले.

दार उघडलं. महाराज उंबऱ्यात उभे राहिले. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता आणि विंगमावशीला कळलं, हॉलकडून हात वर करून टाळ्या घ्यायची ही त्यांची जुनी सवय आता उफाळून येणार. ती आली नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"आलास? चल, जरा बाहेर बसू."

हॉलच्या मोठ्या काचेपलीकडे, गच्चीत, एक बाक आहे. बापलेक त्यावर जाऊन बसले. महाराज बोलायला लागले, हळूहळू, मधे थांबत. काचेतून आवाज येत नव्हता. पण विंगमावशीने आयुष्यभर ओठ वाचले होते. काचेपलीकडचा एकूण एक शब्द तिला उचलता आला असता.

तिने खुर्ची उचलली, फिरवली आणि काचेकडे पाठ करून बसली.

"मावशी, अशा भिंतीकडे तोंड करून का बसलात?" सिस्टरने विचारलं.

"उजेड डोळ्यांवर येतो गं."

सिस्टरने काचेकडे पाहिलं, विंगमावशीकडे पाहिलं, आणि पडदा ओढून घेतला.

डॉक्टरीणबाईंनी महाराजांना काय सांगितलं, ते विंगमावशीला त्या दिवशी कळलं नाही, आणि तिने नंतरही विचारलं नाही. महाराजांनी मंडळात काय सांगितलं आणि किती सांगितलं, तेही त्यांचं. सगळ्यांच्या कानावर आलं ते एवढंच. पुढच्या तालमीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "विंगेत माणूस असल्याशिवाय मी रंगमंचावर पाऊल टाकणार नाही. नव्या संवादांना मला आता सोबत लागते. आणि माणूस मी निवडणार."

प्रधान पुढे झाले. "मी सांगत जाईन की शब्द. मला सगळे पाठ आहेत."

"तू प्रधान आहेस. मला सल्ला दे. शब्द हिच्याकडून घेईन."

प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृह भरलं होतं. डॉक्टरीणबाई होत्या, सिस्टर होती, छत्रीवाले आजोबा होते. भोंग्याला फाटकावर उभा केला होता आणि गाड्या लावून तोही आत येऊन बसला होता. लेक पहिल्या रांगेत. तिने मुद्दाम ती खुर्ची मागून घेतली होती, आईचा आवाज पकडायचा म्हणून.

विंगमावशी काळ्या साडीत विंगेत उभी राहिली. गुडघ्याला तिने सकाळीच समजावलं होतं. नव्या रंगाचा आणि जुन्या धुळीचा वास, पायाखाली फळ्यांची तीच कुरकुर. महाराज मुकुट चढवून तिच्या शेजारी आले. पडदा वर जायला अवकाश होता.

"घाबरलीस?" त्यांनी विचारलं.

"मी कशाला घाबरू? मला कोण बघतंय?"

"तेच तर. मला सगळे बघणार."

"बघू देत. ऐकायचं ते मी बघते."

पडदा वर गेला. राजा दरबारात आला, आणि पहिल्याच वाक्याला मागच्या रांगेपर्यंत शांतता पसरली. दुसऱ्या अंकात, न्यायाच्या मोठ्या प्रसंगात, तो विंगेजवळ येऊन थांबला. असा थांबला की कुणी खोकलंसुद्धा नाही. उजवा अंगठा अंगठीशी चाळा करत होता. मग राजा बोलला, आणि टाळी आली ती छप्पर हलवणारी.

शेवटी महाराज मधोमध उभे राहिले, प्रधानाचा हात हातात घेऊन वाकले. विंगेकडे त्यांनी पाहिलं नाही. चांगला नट कधी पाहत नाही. विंगमावशीने काळ्या पदराने मान पुसली आणि अंधारातच स्वतःशी हसली.

महाराजांचा मुलगा विंगेत धावत आला. डोळे भरलेले. "मावशी," म्हणाला, पुढे काहीतरी विचारणार होता. थांबला. मग नुसता तिचा हात धरून म्हणाला, "बाबा छान होते ना?"

"राजा होते," विंगमावशी म्हणाली.

घरी जाताना रस्त्यात लेकीने आईचा दंड धरला होता, गुडघ्यासाठी म्हणून. थोडं चालल्यावर तिला राहवलं नाही.

"पहिल्या रांगेत बसले होते मी. कान टवकारून. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

"बरं झालं."

"खरं सांग, किती वेळा दिलास शब्द? एकदा तरी दिलास की नाही? त्या न्यायाच्या प्रसंगात थांबले ते अडले होते, की तसं बसवलंच होतं?"

विंगमावशी चालत राहिली. पाठ ताठ, पावलं सावकाश. जिन्याच्या तळाशी काकू उभ्या होत्या, तोंडावर तोच प्रश्न घेऊन.

"मला भूक लागलीय," विंगमावशी लेकीला म्हणाली, आणि कठड्याला धरून वर चढायला लागली.